क्रेस्टेड गेकोला खायला काय द्यायचं? केळं, आंबा, किडे की पावडर?

जुईची_वेल | ३ मार्च, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. या विभागात मांजरं, कुत्री, लव्हबर्ड, मासे सगळ्यांवर धागे आहेत. पाल-सरड्यांवर काही सापडलं नाही म्हणून नवा धागा काढते.

आम्ही लीड्सला असतो. मुलाच्या (वय ११) मित्राचं कुटुंब महिन्यापूर्वी कॅनडाला गेलं आणि त्यांचा क्रेस्टेड गेको आमच्याकडे आला. नाव चिकू, रंगही पिकल्या चिकूच्या सालीसारखाच. डोळ्यांवर पापण्यांसारखी काट्यांची ओळ, दिवसभर बुचाच्या सालीमागे झोप, आणि रात्री दिवे मालवले की टँकच्या काचेवरून फिरणं सुरू. मुलाचा फार जीव जडलाय त्याच्यावर. साधारण १४ महिन्यांचा आहे आणि वजन भरलं १९ ग्रॅम.

काळजी खाण्याची आहे. ज्या दुकानातून त्यांनी आणला तिथे सांगितलं होतं, "फळांचं बेबीफूड द्या, अधूनमधून मीलवर्म (एका किड्याच्या अळ्या) द्या, बास." त्यामुळे वर्षभर तो केळ्याच्या बेबीफूडवर आहे. आता शेपटीच्या टोकाकडे नागमोडी वळणं दिसताहेत. आधी म्हणे या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारायचा, आता चढतो तेसुद्धा दमादमाने. काल काचेवरून घसरून खाली पडला.

आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली आहे. पहिले दोन दिवस ती त्या खोलीत गेलीच नाही. पाल अंगावर पडली की पंचांग उघडून फळ बघणाऱ्या घरात ती वाढली, त्यामुळे मी आग्रह केला नाही. काल तो पडला तेव्हा मात्र तीच म्हणाली, "अगं, याला अशक्तपणा आलाय. पोटात काही नीट जात नाहीये."

कोणी पाळलाय का? काय द्यायचं, किती, कधी? जमेल तेवढं सविस्तर सांगा.

---

डोंगरवाट | ३ मार्च, रात्री ११.१५

जुईची_वेल, बरं झालं विचारलंत. आमच्याकडे सॅन होजेला नऊ वर्षांपासून क्रेस्टी आहेत, सध्या तीन. सविस्तर लिहितो. पण शेपटीची वळणं आणि पकड सुटणं वाचून आधी एकच सांगतो: सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या व्हेटची वेळ उद्याच घ्या. बाकीचं त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

हा प्राणी मुळात कुठला आणि तिथे काय खातो हे कळलं की खाण्याचा गोंधळ बराचसा सुटतो. क्रेस्टेड गेको न्यू कॅलेडोनियाचा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात फ्रान्सच्या अमलाखालची बेटं आहेत, त्यांपैकी मुख्य बेटाचा दक्षिण भाग आणि शेजारचं पाइन बेट हे त्याचं घर. १८६६ मध्ये गिशनो या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. पुढे तो कोणाला दिसेचना, नामशेष झाला असंच धरून चालले होते. १९९४ मध्ये एका वादळानंतर रॉबर्ट सीप यांच्या मोहिमेला तो पाइन बेटावर जिवंत सापडला. आज आपल्या घरांत दिसणारे सगळे क्रेस्टी त्यानंतर बाहेर आलेल्या थोड्याशा गेकोंचे वंशज. आता तिथून जंगली गेको बाहेर नेता येत नाहीत.

तिथल्या झाडांवर तो रात्री हिंडतो. मऊ पिकलेली फळं चाटतो, फुलांतला मध आणि पराग खातो, समोर आलेला किडा पकडतो. आपल्या घरातल्या पालीचा मुख्य आहार किडे. याला मात्र फळंही लागतात आणि किडेही. घोळ इथेच होतो. "फळं खातो ना, मग केळं द्या" असं लोक धरून चालतात. जंगलात तो एका रात्री दहा ठिकाणी तोंड लावतो. घरात त्याला रोज एकच बाटली मिळते.

ही अडचण क्रेस्टेड गेकोंसाठी मुद्दाम तयार केलेल्या पावडरींनी सोडवली. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलन रेपाशी यांची पावडर त्यातली जुनी, पुढे पँजिया आणि इतरही आल्या. त्यात वाळवलेली फळं, प्रथिनं (बऱ्याच प्रकारांत किड्यांची पूडही), कॅल्शियम, डी३ आणि बाकी जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. पाण्यात कालवलं की जेवण तयार. हेच त्याचं रोजचं जेवण. फळ आणि किडे वरचे. आमच्या पहिल्या गेकोच्या वेळी मीही हे उलटं समजत होतो.

कालवायचं असं: एक भाग पावडर, साधारण दोन भाग पाणी. आधी पाकिटावरचं प्रमाण बघा, कंपनीगणिक फरक पडतो. दोन-चार मिनिटं ठेवलं की फुगतं. धिरड्याच्या पिठाइतकं सैल हवं, चमच्यातून सावकाश ओघळणारं. फार पातळ झालं तर तो नुसतं पाणी पितो, फार घट्ट झालं तर चाटता येत नाही. पाव चमचा बाटलीच्या झाकणात घालून, काचेला चिकटवायची फळी मिळते त्यावर, उंचावर ठेवा. क्रेस्टी जमिनीवर जेवायला फारसा उतरत नाही. संध्याकाळी दिवे मालवताना ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काढून टाकायचं. त्यानंतर ते आंबतं आणि चिलटं धरतात.

वाढत्या वयात रोज, पूर्ण वाढ झाली की एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा. तुमचा चिकू १४ महिन्यांचा असून १९ ग्रॅमचा आहे. पूर्ण वाढलेला साधारण ३५ ते ५५ ग्रॅमचा असतो, म्हणजे याची वाढ अजून बरीच बाकी आहे. सध्या रोज द्या.

---

जुईची_वेल | ४ मार्च, सकाळी ७.३०

डोंगरवाट, मनापासून आभार. व्हेटची वेळ गुरुवारची मिळाली. पावडर कालच आणली होती आणि तुम्ही सांगितलंत तशीच कालवली, पण सकाळी झाकण जसंच्या तसं. वर्षभर केळ्याची गोडी लागलेला हा आता पावडर कशी खाणार? उपाशी राहील ही भीती वाटते.

---

डोंगरवाट | ४ मार्च, सकाळी ८.०५

घर बदललं की एक-दोन आठवडे नीट न खाणं अगदी नेहमीचं आहे. मोठा, धडधाकट गेको तेवढं सहज सोसतो. तुमचा अशक्त आहे म्हणून व्हेट महत्त्वाचा. तोवर आज पावडरीत केळ्याच्या बेबीफूडचे दोन थेंब मिसळा, चार दिवसांनी एक, मग बंद. आणि "जसंच्या तसं" म्हणण्याआधी टॉर्च तिरका धरून बघा. वरच्या थरावर करंगळीच्या नखाने ओढाव्यात तशा बारीक रेघा दिसल्या तर त्या त्याच्या जिभेच्या. एका रात्रीत तो खातोच मुळी थोडं. झाकण रिकामं होण्याची वाट बघू नका.

---

निरगुडी | ४ मार्च, दुपारी १.२०

मी नेदरलँड्समध्ये लहान प्राण्यांच्या दवाखान्यात व्हेट आहे. आठवड्याला दोन-तीन तरी सरडे-गेको टेबलावर येतात आणि त्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं खाण्यातूनच आलेलं असतं. तुम्ही सांगितलेली लक्षणं मेटाबोलिक बोन डिसीजची असू शकतात, म्हणजे कॅल्शियम न मिळाल्याने हाडं मऊ पडणं. नक्की काय ते तपासल्यावर आणि एक्स-रे बघूनच कळेल.

हे होतं कसं ते सांगते, म्हणजे केळ्याचा दोष नेमका कुठे ते लक्षात येईल. रक्तातलं कॅल्शियम एका पातळीच्या खाली गेलेलं शरीराला चालत नाही, कारण स्नायू आणि हृदय त्याच्यावर चालतात. खाण्यातून ते आलं नाही तर पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक ते हाडांमधून काढून घेतं. प्राणी वरून ठीक दिसत राहतो आणि आतली हाडं पोकळ होत जातात. मग शेपूट वळते, जबडा रबरासारखा लवतो, पाय थरथरतात, पकड सुटते.

फॉस्फरस जास्त झाला तरी हेच होतं. तो आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतो आणि शोषूच देत नाही. म्हणून खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं. आता १०० ग्रॅम केळं घ्या: कॅल्शियम ५ मिलिग्रॅम, फॉस्फरस २२. अगदी उलटा हिशेब. चिकूने हे वर्षभर खाल्लंय.

तिसरी गोष्ट डी३ची. कॅल्शियम कितीही दिलंत तरी डी३ नसेल तर ते आतड्यातून रक्तात नीट पोचत नाही. चांगल्या पावडरीत डी३ असतं. शिवाय कमी ताकदीची यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब दिवसा लावली तर तो स्वतःच्या कातडीत ते तयार करू शकतो. क्रेस्टी रात्रीचा प्राणी असला तरी झोपल्या जागी अंगावर पडणारा थोडासा यूव्हीबी त्याच्या कामी येतो. लपायला सावली मात्र हवीच.

एक विनंती. घाबरून घरातल्या माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून देऊ नका आणि डी३चे थेंबही देऊ नका. १९ ग्रॅमच्या जिवाला डी३ जास्त होणं फार सोपं आहे, आणि त्याने मूत्रपिंडांचं नुकसान होतं. गुरुवारपर्यंत त्याला हातात घेणं टाळा, उंच फांद्या काढून ठेवा आणि खाली ओल्या किचन पेपरच्या घड्या पसरा, म्हणजे पडला तरी लागणार नाही. शेपूट धरून तर कधीच उचलू नका. घरातल्या पालीची शेपूट पुन्हा उगवते, क्रेस्टीची एकदा गळली की गळलीच.

---

हडसनकाठ | ४ मार्च, संध्याकाळी ६.४०

निरगुडी यांना अनुमोदन. आमच्या लेकीच्या गेकोलाही पहिल्या मालकाकडे फक्त मीलवर्म मिळायचे. जबडा कायमचा थोडा वाकडा राहिला, पण पावडरीवर आल्यापासून सहा वर्षं खणखणीत आहे. धीर धरा ताई.

---

पळस | ५ मार्च, रात्री १०.१०

किड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. जर्मनीत असतो, पाच-सहा वर्षं क्रेस्टींची पैदास करतोय.

नुसत्या चांगल्या पावडरीवर क्रेस्टी आयुष्यभर निरोगी राहतो, आणि ते १५-२० वर्षं जगतात. तरी आठवड्यातून एकदा-दोनदा किडे द्यावेत असं माझं ठाम मत आहे. वाढीच्या वयात प्रथिनं मिळतातच, पण शिकार करताना त्याचं अंग जे हलतं ते झाकणातली पावडर चाटून हलत नाही. दबा धरतो, शेपटीचं टोक थरथरवतो आणि झेप घेतो. (चिकूला आत्ताच नको. व्हेटने हाडं बरी झाल्याचं सांगितल्यावरच.)

कुठले द्यायचे? पाळलेले रातकिडे किंवा डुबिया झुरळं. मापाचा नियम सोपा: गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नसावा. मीलवर्मचं कवच कडक आणि पोषण कमी, ते रोजचं खाणं म्हणून मी देत नाही. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या मिळाल्या तर जरूर द्या, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं. बाकी जवळजवळ सगळ्या किड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो, म्हणजे केळ्यासारखाच उलटा हिशेब.

त्यामुळे किडा तसाच उचलून टाकायचा नाही, त्याला आधी तयार करायचं. आणल्यावर एक-दोन दिवस त्याला गाजर, रताळं, कोवळी हिरवी पानं खाऊ घाला. किड्याच्या पोटात जे असतं तेच गेकोच्या पोटात जातं. मग संध्याकाळी चार-पाच किडे एका छोट्या पिशवीत घ्या, चिमूटभर डी३ असलेली कॅल्शियम पूड टाका आणि हलकेच हलवा. पिठीसाखर भुरभुरल्यासारखे पांढरे दिसले की सोडा. वाढत्या गेकोला एका वेळी तीन ते पाच पुरेत. अर्ध्या तासानंतर उरलेले काढून घ्या, नाहीतर भुकेले रातकिडे झोपलेल्या गेकोला चावतात.

बागेतला, खिडकीतला किडा कधीही देऊ नका. फवारणीचं विष त्याच्या अंगावर असू शकतं आणि परजीवीही येतात. अमेरिकेत असाल तर काजव्यांना विशेष जपा. काजव्याच्या शरीरातल्या विषाने पाळीव सरडे दगावलेले आहेत, आणि त्याला एखादा काजवाही पुरतो.

---

मुठाकाठ | ६ मार्च, सकाळी ९.१५

धागा छान चाललाय. आम्ही पुण्यात असतो. मुलगी हट्ट धरून बसली आहे. इथे पाळता येईल का?

---

डोंगरवाट | ६ मार्च, सकाळी ९.४५

मुठाकाठ, परदेशी प्राणी पाळण्याचे नियम आधी वनविभागाकडून नीट समजून घ्या. पण नियमांत बसलं तरी मी नकोच म्हणेन, आणि त्याचं कारण उन्हाळा. क्रेस्टीला २२ ते २६ अंश मानवतं. २८ च्या वर फार काळ राहिलं की तो खाणं सोडतो, अंगातलं पाणी आटतं आणि दगावतोही. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. खोलीचा एसी चोवीस तास चालू ठेवावा लागेल आणि वीज गेली की तुमच्या जिवाला घोर. आमच्याकडे एका उन्हाळ्यात घराचा एसी दोन दिवस बंद पडला होता. तेव्हा तिघांनीही पावडरीला तोंड लावलं नाही, टँकच्या तळाशी गारव्याला जाऊन बसले होते. ते बघून मला झोप लागली नव्हती.

---

मुठाकाठ | ६ मार्च, सकाळी १०.००

पटलं. लेकीला हे वाचून दाखवते.

---

जुईची_वेल | १२ मार्च, रात्री १०.३०

सगळ्यांना एकदम उत्तर देते, उशिराबद्दल माफी.

गुरुवारी व्हेटकडे गेलो. एक्स-रेमध्ये मांडीची हाडं फिकट दिसली, नीट भरलेली नाहीत, पण मोडलेलं काही नाही आणि जबडाही ठीक आहे. बाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. वजनाच्या हिशेबाने कॅल्शियमचं सिरप लिहून दिलंय, रोज एक थेंब ओठाच्या कडेला लावायचा, तो जिभेने चाटतो. यूव्हीबी ट्यूब लावली. शी तपासली, परजीवी निघाले नाहीत. शेपटीची वळणं बहुधा तशीच राहतील, असं त्यांनी मुलाला समजावून सांगितलं. तो गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाकडी शेपूट असली तरी चालेल ना त्याला?" चालेल म्हटलं.

आता एक चूक कबूल करते. शनिवारी आम्ही दोघं बाहेर होतो. आईने बघितलं की तो पावडर खात नाहीये. तिचा जीव राहवेना. फ्रिजमध्ये देशी दुकानातून आणलेल्या डब्यातला आमरस होता, तो तिने अर्धा चमचा ठेवला. चिकूने झाकण लख्ख केलं! आईला इतका आनंद झाला की तिने रविवारीही दिला. सोमवारपासून शी पातळ आणि पावडरीकडे पाठ. डब्यावर वाचलं तर आंब्याचा गर, साखर, सायट्रिक अ‍ॅसिड. आईला फार वाईट वाटलं. मी तिला काही बोलले नाही, कारण घरात पोर जेवत नसेल तर तिने आयुष्यभर हेच केलंय. पण आंबा अजिबातच नको का? तिला नीट सांगायचंय.

---

डोंगरवाट | १३ मार्च, सकाळी ७.५०

आजींना सांगा, आंबा चालतो. साखर घातलेला डब्यातला रस मात्र नको. ताजा पिकलेला आंबा, साल-कोय काढून, बोटाने कुस्करून, पाव चमचा, आठवड्यातून फार तर एकदा. आणि सुटा न देता पावडरीत मिसळून, म्हणजे फळासाठी का होईना पावडर पोटात जाते. १०० ग्रॅम आंब्यात कॅल्शियम ११ आणि फॉस्फरस १४ मिलिग्रॅम. केळ्याहून बरा, पण एकट्याच्या भरवशावर राहण्यासारखा नाही.

निरगुडी यांनी दिलेला हिशेब धरून बघितलं तर दोन फळं उठून दिसतात. पपईत कॅल्शियम २० आणि फॉस्फरस १०, म्हणजे बरोबर दुप्पट. ताज्या अंजिरात ३५ आणि १४, त्याहून चांगलं. ताजं अंजीर चिरून ठेवलं तर आमचा म्हातारा गेको बियांसकट चाटून घेतो. पीच आणि जर्दाळूही गोडीसाठी थोडे चालतात. संत्रं, मोसंबी, लिंबू, अननस ही आंबट फळं देऊ नका. अव्होकाडो बिलकुल नाही. पालकही नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

पातळ शी दोन-तीन दिवसांत थांबेल. पाणी मात्र बघा. क्रेस्टी वाटीतून कमी पितो, पानांवरचे थेंब चाटतो. संध्याकाळी एकदा पानांवर आणि काचेवर भरपूर फवारा, सकाळपर्यंत बरंचसं वाळू द्या.

---

निरगुडी | १३ मार्च, दुपारी १२.४०

पातळ शी तीन दिवसांपेक्षा जास्त चालली किंवा डोळे खोल गेलेले दिसले तर थांबू नका, व्हेटला फोन करा. आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. दर रविवारी एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. रोज करू नका, शी आणि पाण्यानेच अर्धा ग्रॅम इकडेतिकडे होतो आणि उगाच घाबरायला होतं.

---

शेवंती | १९ मार्च, रात्री ९.००

माझा प्रश्न थोडा वेगळा. टोरांटोत आहे. आमची गेको मादी आहे, एकटीच राहते. जानेवारीपासून दर महिना-दीड महिन्याला दोन अंडी देतेय! आणली तेव्हा ती नरासोबत होती. खाण्यात काही बदल करायचा का?

---

पळस | १९ मार्च, रात्री ११.२०

शेवंती, मादी नराचं वीर्य महिनोन् महिने साठवून ठेवते, म्हणून एकटी असूनही अंडी येतात. एका खेपेला दोन, ३० ते ४५ दिवसांनी पुन्हा. प्रत्येक अंड्याचं कवच तिच्या स्वतःच्या कॅल्शियममधून बनतं. हाडांमधून कॅल्शियम जाण्याबद्दल वर निरगुडी यांनी जे लिहिलंय ते सगळं मादीच्या बाबतीत दुप्पट वेगाने घडू शकतं.

रोज पावडर ठेवा. आठवड्यातून दोनदा कॅल्शियम लावलेले किडे. एक युक्ती सांगतो: क्रेस्टीच्या टाळूला मागच्या बाजूला दोन पांढऱ्या पिशव्या असतात, कॅल्शियमचा साठा तिथे असतो. ती जांभई देताना किंवा फवाऱ्याचं पाणी चाटताना तोंड उघडेल तेव्हा फोटो काढा. भरलेल्या पिशव्या खडूसारख्या पांढऱ्या दिसतात. सपाट, दिसेनाशा झाल्या असतील तर साठा संपत आलाय. तोंड जबरदस्तीने उघडू नका. आणि ओलसर मातीचा एक डबा ठेवा, जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटात धरून बसते आणि ते जिवावर बेततं.

---

शेवंती | २१ मार्च, सकाळी ८.१०

फोटो मिळाला. पिशव्या दिसताहेत, पण अगदी लहान. आजच व्हेटला फोटो पाठवलाय. पळस, खूप आभार, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

---

जुईची_वेल | २८ एप्रिल, रात्री १०.१५

सात आठवडे झाले, म्हणून सांगायला आले.

वहीतली रविवारची वजनं: १९.०, १८.७, १८.९, १९.६, २०.५, २१.३, २२.४. दुसऱ्या आठवड्याला खाली गेलं ते आमरसाच्या वेळचं. सिरप बंद झालंय, पावडर आणि यूव्हीबी चालू आहे. परवा व्हेटने किड्यांना हो म्हटलं. पळस यांनी सांगितल्याप्रमाणे मुलाने दोन दिवस रातकिड्यांना रताळं खाऊ घातलं, पिशवीत पांढरे केले आणि तीन सोडले. पहिला चिकूच्या समोरून निघून गेला, दुसऱ्याला त्याने नुसतंच बघितलं, तिसऱ्यावर झेप घेतली. पकड सुटली नाही! मुलगा तोंडावर हात धरून बसला होता, आवाजाने चिकू दचकू नये म्हणून.

पावडर आता आई कालवते. चहाच्या चमच्याने, काचेच्या वाटीत, गुठळी राहिली तर पुन्हा घोटते. रोज सकाळी चष्मा लावून झाकणातल्या रेघा मोजते आणि मला सांगते, "आज सात-आठ वेळा जीभ लावलीय." गेल्या आठवड्यात हापूसची पेटी आली. पहिल्या आंब्याचा पाव चमचा तिने पावडरीत मिसळला, तेवढाच. तिचं परतीचं तिकीट १२ मेचं आहे. जाताना कालवायचं प्रमाण मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवणार म्हणते.

एक शेवटचा प्रश्न: आम्ही ऑगस्टमध्ये आठ दिवस बाहेर जाणार आहोत. शेजारीण येऊन बघेल, पण तिला किडे हाताळता येणार नाहीत. चालेल का?

---

डोंगरवाट | २८ एप्रिल, रात्री ११.००

अगदी चालेल. आठ दिवस किडे नसले तर काही बिघडत नाही. पावडर कालवून बर्फाच्या ट्रेमध्ये एकेक मात्रा गोठवून ठेवा. शेजारणीने सकाळी एक खडा फ्रिजमध्ये काढून ठेवायचा, संध्याकाळी झाकणात घालून जुना उचलायचा आणि फवारा मारायचा. खोली २६ च्या वर गेली तर कोणाला फोन करायचा तो नंबर मात्र लिहून ठेवा.

आणि आजींना सांगा, रेघा मोजायची सवय आमच्या घरातही आहे.